बाविसाव्या प्रकरणात मेलेली ताई

४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद लिहावा की लिहू नये, यातच कालची संध्याकाळ गेली. तेव्हा आशीर्वाद मिळाला असं समज आणि पुढे वाच.

तुझ्या कादंबरीपायी माझ्याकडच्या बायकांनी मुलांच्या शाळेच्या शर्टांना मुलींच्या बाजूला काजं केली. एकदोन शर्टांना नाही, अख्ख्या गठ्ठ्याला. विसरला असशील तर सांगते. मुलांच्या शर्टाला काज डाव्या पट्टीवर आणि मुलींच्या उजव्या पट्टीवर. माझ्याकडे काल आलेली पोरगीही हे झोपेत सांगेल. पण परवा शेवटचं प्रकरण चाललं होतं, सगळ्यांचे डोळे डबडबलेले, आणि हात आपले चालूच. काज एकदा कापलं की कापलं, ते काही उसवता येत नाही. आता साऱ्या पट्ट्या नव्यानं लावायच्या आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना तोंड द्यायचं मी. त्यांना काय सांगू, आमची नायिका वारली म्हणून?

आमची पद्धत तुला ठाऊक नसणार, तू गेल्यानंतरची आहे. वरच्या मजल्यावर एक नर्स राहते, तिला रात्रपाळी असते. तिला दुपारची झोप मिळावी म्हणून जेवणानंतर आम्ही मशिनी बंद ठेवतो आणि हातकाम काढतो. काजं, बटणं, तुरपाई. तेवढ्या वेळात चष्मेवाली वाचून दाखवते. तिची नजर आता बारीक कामाला चालत नाही, छापलेलं मात्र चालतं. तिच्या वाटणीची बटणं बाकीच्या लावतात आणि ती सगळ्यांच्या वाटणीचं वाचते. आजवर या खोलीत वर्तमानपत्रं वाचून झाली, औषधी वनस्पतींचं एक पुस्तक झालं, एका पहिलवानाचं चरित्र झालं. कुणाचा टाका वाकडा पडला नव्हता.

टोपणनाव घेतलंस ते बरं केलंस, पण माझ्यापासून काय लपणार? तिसऱ्या प्रकरणात तो पोरगा शिलाई मशीनच्या खाली गोधडी टाकून निजतो आणि बहीण त्याला जाग येऊ नये म्हणून पायाखालचा पायटा हळूहळू हलवते, तिथेच माझी कात्री थांबली. पुढे ती दोरा दातानं तोडते तेव्हा तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात म्हणे एक उदास स्मित उमटतं. अरे शहाण्या, ते स्मित नव्हतं. माझी उजवी दाढ दुखायची, म्हणून डावीकडून तोडायचे. पुढे ती काढावी लागली.

तर तू मला मारलंस. बाविसाव्या प्रकरणात, खिडकीशी, त्याची वाट बघताना, खोकून खोकून. केस कमरेपर्यंत दिलेस त्याबद्दल आभार. मला आयुष्यात कधी धड खोकला झाला नाही. मला गुडघेदुखी आहे, आणि गुडघ्यानं कुणी मरत नाही.

सगळ्या रडल्या. चष्मेवालीला शेवटचं पान वाचवेना, तिनं पुस्तक दुसरीच्या हातात दिलं, ती दोन ओळी वाचून थांबली. असं करत ते पुस्तक खोलीभर फिरलं. आणि आता लिहितेच आहे तर लिहून टाकते, मीही रडले. ती मरत नाही हे मला ठाऊक होतं, ती मीच होते आणि कटिंगच्या टेबलाशी धडधाकट उभी होते. तरी त्या पोरीसाठी माझं काळीज तुटलं. इतकी साधी गोष्ट आहे तुझी. दोघं एकमेकांवर जीव टाकतात, मध्ये लहान भाऊ येतो, माणूस दूर जातो आणि उशिरा परततो. यात नवीन ते काय? पण मला वाटलं, कुणीतरी धावत जाऊन त्याला सांगा रे, लवकर ये.

पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर टाकते आहे. उत्तराची अपेक्षा नाही. मागे पत्ता लिहिलाय तो टपालाचा रिवाज म्हणून.

ताई


२० फेब्रुवारी

चि. धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, ओळ वर चढत जाते. इतक्या वर्षांनी लिहितोस आणि विचारतोस काय, तर रागावलीस का, आणि मशीनवाल्याचा पत्ता आहे का. त्याला पुस्तक पाठवायचंय म्हणे. फोन नंबरही दिलायस. फोन मी करणार नाही. फोनवर माझा तोंडाचा पट्टा सुटतो. कागदावर निदान मध्ये दौत भरायला, म्हणजे पेनात रिफील घालायला, थांबावं लागतं.

रागावले नाही. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही.

तू मशीनवाल्याला किती चांगला लिहिलायस. तो तसा होताच, थोडासा. मशिनी दुरुस्त करायला यायचा आणि रिकाम्या रिळांची तुला गाडी करून द्यायचा. तुझ्या पुस्तकात तो बोटीवर जातो, वादळं काय, ताप काय, हरवलेली पत्रं काय. वाचताना बायका त्याच्यावरही जीव टाकतात. घर सोडून जाताना तू दारात मला म्हणालास ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘तुझ्या जिभेपायी तो गेला, आता मीही जातो.’ पुस्तकात मात्र तिची जीभ अगदी मऊ केलीस. बोलतच नाही बिचारी. सगळं डोळ्यांनी सांगते. मला ते जमलं असतं तर बरं झालं असतं का, हा विचार मी या आठवड्यात बऱ्याचदा केला.

तो का गेला हे तू विचारलं आहेस. जुनी गोष्ट आहे. माणसं जातात.

इकडची बातमी अशी की कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाली आहे. मी म्हटलं, अगं, शेवट माहीत झाला की सगळ्यांना, आता काय उरलं? तर बटणवाली म्हणाली, आता तर खरी मजा, आता सुरुवातीच्या हसण्याचंसुद्धा रडू येतं. कापडाचे तागे घेऊन येणारा माणूससुद्धा हल्ली मुद्दाम त्याच वेळेला येतो आणि दाराशी ताग्याला टेकून ऐकतो. परवा नाक शिंकरत गेला, पावती इथेच विसरून.

सगळ्यांत जास्त लागलंय ते चिमणीला. ही माझ्याकडची सगळ्यांत लहान. आवाज बारीक आणि खाणं त्याहून बारीक, म्हणून चिमणी. हात सोन्याचा आहे. आईबाप नाहीत, शाळेत जाणारी एक बहीण आहे, दोघी एका खोलीत राहतात. हिचं एका वायरमनशी जमलंय. आम्ही सगळ्यांनी त्याला जिन्याखाली उभा राहिलेला पाहिलाय, कानावर पेन्सिल अडकवलेली, हातात पिशवी. बोलायला चाचरतो, पण माणूस लाख मोलाचा. त्याला लांबच्या गावी विजेच्या तारांच्या कामावर कायमची नोकरी लागली आहे, राहायला दोन खोल्याही मिळणार आहेत. लग्न करून तो हिला नेणार. आणि ऐक, बहिणीलाही नेणार. ते त्यानं आपणहून सांगितलं, हिनं विचारायच्या आत. तिथली शाळासुद्धा बघून आलाय.

मला ते कळलं त्या दिवशी मी चहात साखर घालायला विसरले.

पण चिमणीचं मला काही खरं दिसत नाही. वेणी सोडून केस मोकळे ठेवायला लागली आहे, मशीनमध्ये अडकतील म्हणून दोनदा ओरडले. जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी जाऊन बसते. काल ती खोकली. मी सरळ विचारलं, सर्दी झालीय की पुस्तक चढलंय? हसली नाही.

ताई


९ मार्च

धाकट्या,

हे पत्र मिळताच हातातलं काम बाजूला ठेव.

चिमणीनं वायरमनला नकार दिला. परवा संध्याकाळी, जिन्याखाली. माझं प्रेम तुला बांधून ठेवणार नाही, म्हणाली. मी इथे तुझी आठवण जपेन, म्हणाली. ही वाक्यं तुझी आहेत, सतराव्या प्रकरणातली. तो बिचारा काय बोलणार? तो तारा जोडणारा माणूस. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. बहिणीची अडचण असेल तर तिला वेगळी खोली काढून देतो म्हणाला. तर ही म्हणे, तुला कळायचं नाही.

मी तिला विचारलं, अगं, तो बहिणीलाही नेतोय ना, मग हा त्याग कशासाठी? कुणी मागितलाय तुझ्याकडे? मागितला असता तर गोष्ट वेगळी. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी काही मी तिच्याशी मापाच्या टेपबद्दल बोलत होते. म्हणाली, मागून केला तर तो त्याग कसला, बाई? मग म्हणाली, सोबत राहिलं की प्रेम संपतं, भांडणं होतात, माणसं जाडी होतात. पुस्तकातल्या तिचं बघा ना, मरून गेली तरी आपण सगळ्या तिच्यासाठी रडतो. माझ्यासाठी आजवर कोण रडलंय?

मी तिला म्हटलं, जा, कामाला लाग.

बाकीच्यांचा तर आनंदीआनंद. चष्मेवालीनं तिला जवळ घेतलं. बटणवाली म्हणाली, आपल्या खोलीत खरीखुरी कादंबरी घडते आहे. मी म्हटलं, तुमच्या कादंबरीला लावा काडी, ती पोरगी झुरून मरायची हौस करते आहे आणि तुम्ही टाळ्या वाजवता. आज मी वाचन बंद केलं आणि पुस्तक कुलपात ठेवलं. उपयोग शून्य. सगळ्यांना पाठ झालंय.

वायरमन पुढच्या महिन्यात पाच तारखेला, रविवारी जाणार आहे. तोवर वेळ आहे.

तू तिला पत्र लिही. माझं ती ऐकायची नाही, मी पडले खेकसणारी बाई. तुझं ऐकेल. तिला लिही की मी लेखक आहे आणि हे सगळं मी रचलेलं आहे. लिही की जिच्यावरून रचलं ती मेली नाही, ती जिवंत आहे, आणि तिला विचारलंस तर ती सांगेल की जा, बस पकड. एवढंच लिही. पत्ता माझ्या या खोलीचाच घाल.

तुझ्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही. हे मागते.

ताई


२३ मार्च

धाकट्या,

वाचलं तुझं उत्तर. कथा एकदा वाचकाच्या हाती गेली की लेखकानं तिच्यात ढवळाढवळ करू नये, असं तू म्हणतोस. वाचक आपल्याला हवं ते घेतो, म्हणतोस. अरे वा. दुकानदार विष विकतो तोही हेच म्हणतो. आणि वर विचारतोस, ‘तू खरं वेगळं आहे म्हणतेस, तर खरं काय ते मला सांग. तो का गेला?’

तुला सांगायचं नव्हतं. पण तिला सांगून बसले आहे, आणि तिला ठाऊक असलेली गोष्ट तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तेव्हा जसं घडलं तसं लिहिते.

शनिवारी काम सुटल्यावर मी चिमणीला थांबवून घेतलं. समोर बसवलं, चहा दिला. म्हटलं, पुस्तकातली ती म्हणजे मी. मग सगळं सांगितलं. आईबाबा गेले, भाऊ आठ वर्षांचा, मी शिवणावर घर चालवायची. मशीनवाल्याचं आणि माझं ठरलं होतं. त्याच्या घरी एकच खोली, त्यात त्याचे आईवडील. त्यानं एक दिवस सांगितलं की पोराला दोनतीन वर्षं काकांकडे ठेव, आपला जम बसला की आणू. मी नाही म्हटलं. काका पट्ट्यानं मारायचे हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं, आणि घरातली गोष्ट बाहेर सांगायची मला लाज वाटली. तो म्हणाला, तुला मी हवा की तो? मी म्हटलं, तो. एवढंच झालं. वादळ नाही, बोट नाही, हरवलेलं पत्र नाही. त्यानं वर्षभर वाट पाहिली आणि मग दुसरीशी लग्न केलं. वाईट माणूस नव्हता.

आता तुझ्यासाठी एक वेगळं वाक्य लिहिते, ते तिला सांगितलं नाही. तू मोठा झाल्यावर माझ्या जिभेला बोल लावलास, तेव्हा मी गप्प राहिले. खरं सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, आपल्यामुळे ताईचं लग्न मोडलं. त्यापेक्षा जीभ बदनाम झालेली बरी. तिला सवय होती.

चिमणीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं माझा हात हातात घेतला. मला वाटलं, लागला बाण ठिकाणावर. तर ती काय म्हणाली ऐक.

‘बाई, तुम्ही माझ्यासाठी एवढं करताय, कळतं मला. पण तिच्याशी स्वतःची बरोबरी करू नका. तिचं प्रेम खरं होतं. जिचं खरं असतं ती मागे उरत नाही.’

आणि माझा हात थोपटला. तिनं, माझा.

माझा संताप झाला, पण मी हरले नाही. म्हटलं, चल, तुला तो दाखवते. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही असं मी तुला लिहिलं होतं, ते खोटं होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वर्षानुवर्षं मी त्याच्याकडूनच सुया, पट्टे आणि तेल आणते. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, मुलीचं लग्न झालंय. चिमणीला घेऊन दुकानात गेले. त्यानं विचारलं, कितव्या नंबरची सुई? मी सांगितलं. त्यानं कागदात गुंडाळून दिली आणि नेहमीसारखं विचारलं, धाकटा काय म्हणतो? तो दर वेळी विचारतो. मी दर वेळी मजेत आहे म्हणते.

बाहेर आल्यावर चिमणीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जी दया होती ती मला सोसवेना. कुठलाही साधा माणूस दाखवून बाईंनी आपली गोष्ट रचली, असं तिला वाटलं असणार. तिला पुस्तकातला तो हवा होता. हा तर सुया विकतो.

म्हणून तुला सांगते, पत्र राहू दे. तू स्वतः ये. पाच तारखेच्या रविवारच्या आत ये. या खोलीत, सगळ्या बायकांसमोर उभा राहा आणि मला ताई म्हण. त्या मशीनखाली निजणारा पोरगा मीच, आणि ही ती, एवढं म्हण. तुझ्याकडे बघून ती मानेल. एका पोरीचा संसार वाचेल.

आणखी एक. पश्चात्ताप होतो का, असं तू विचारणार, म्हणून आधीच सांगते. तू घरात होतास तोवर एकदाही झाला नाही. तू गेल्यावर झाला.

ताई


१५ एप्रिल

चि. धाकट्या,

तुझी ती एका ओळीची चिठ्ठी आली. ‘ताई, मला माहीत नव्हतं.’ नव्हतंच माहीत. तुला माहीत होऊ नये म्हणूनच तर सगळं केलं. तू रडत बसला असशील तर उठ आणि तोंड धू. मी काही तुझ्यावर उपकार केले नाहीत, तू माझाच होतास.

तू आला नाहीस. तुझी चिठ्ठी इथे पोचेपर्यंत रविवार गेलाही होता, म्हणजे माझं पत्रही तुला उशिराच मिळालं असेल. टपालाला दोष देऊ या. पण त्याआधी तू चिमणीच्या नावानं जे पाकीट धाडलंस ते मात्र अगदी वेळेवर पोचलं, शुक्रवारी. तुझ्या सहीचं पुस्तक. आत लिहिलंस, ‘जिला माझी नायिका कळली, तिला.’ तुला चांगलंच करायचं होतं, मला ठाऊक आहे. पत्र लिहायला मन धजलं नाही, म्हणून निदान भेट पाठवावी, पोरीला बरं वाटेल. तिला इतकं बरं वाटलं की शनिवारी ती कामाला आली ती पुस्तक छातीशी धरून. सगळ्यांनी ती ओळ वाचली. कुणीही मोठ्यानं वाचली नाही.

मी तेव्हाच ओळखलं की संपलं.

रविवारी वायरमन आमच्या शिवणाच्या खोलीवर आला. सुट्टी होती, पण मी येऊन बसले होते, न जाणो. त्याच्या हातात पत्र्याची पेटी, अंगात इस्त्रीचा शर्ट. चिमणीच्या घरी जाऊन आला होता. तिनं दार उघडलं, दोन शब्द बोलली आणि लावून घेतलं. धाकटी बहीण मागे उभी होती, दप्तर भरून. तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तिनं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मी दुसऱ्या गावी चालले.

तो मला म्हणाला, ‘बाई, माझं काय चुकलं ते सांगा. मी सुधारीन.’

मी काय सांगणार होते त्याला? तुझं काही चुकलं नाही, तू जिवंत आहेस आणि सोबत राहायला तयार आहेस एवढंच चुकलं? मी म्हटलं, पत्ता देऊन जा. त्यानं कानावरची पेन्सिल काढून पाठकोऱ्या कागदावर पत्ता लिहिला. मी त्याला डबा द्यायला हवा होता, प्रवास लांबचा. ते सुचलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. तो कागद मी तिला दिला, तिनं तुझ्या पुस्तकात ठेवला. त्यानंतर त्याचं पत्र आलेलं नाही, आणि तो लिहील असं मला वाटत नाही. असल्या माणसांना एकदा नाही म्हटलं की ती पुन्हा दार वाजवत नाहीत. लाज असते त्यांना.

पहिले दोनतीन दिवस चिमणी अगदी राणीसारखी होती. बायका तिच्यासाठी खुर्ची रिकामी करत, तिच्या वाटणीची काजं करत. बटणवाली तिच्याकडे बघून डोळे पुसायची. मला वाटलं, हिला हवं होतं ते मिळालं. मग शाळेची दुसरी ऑर्डर आली, घाई सुरू झाली, आणि कुणाला तिच्यासाठी रडायला सवड उरली नाही. चष्मेवालीनं नवीन पुस्तक आणलं, कुठल्या तरी खुनाचं. परवापासून सगळ्या खुनी कोण यावर भांडतात. चिमणी कोपऱ्यात बसून तुरपाई करते. तिला खोकला नाही. ताप नाही. तब्येत उत्तम आहे, आणि मला वाटतं, त्याचीच तिला भीती वाटायला लागली आहे.

तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तुझं पुस्तक वाईट नाही रे. मी ते कुलपातून काढून घरी आणलंय, आणि अधूनमधून वाचते. बाविसावं प्रकरण आलं की अजून रडते, आता जरा जास्तच. तू लहानपणी ज्या ताईवर जीव टाकलास ती सुंदर होती आणि तिनं तुझ्यासाठी जीव दिला. मी नुसतं आयुष्य दिलं. त्याची गोष्ट होत नाही.

काल संध्याकाळी सगळ्या गेल्यावर चिमणी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. केस बांधले होते. मी कापड उलगडत होते, थांबले नाही. मग खाली बघत तिनं हळूच विचारलं, ‘बाई, तो गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत?’

म्हणजे तिला पटलं होतं, धाकट्या. ती मी आहे हे तिला पटलं होतं. बस जाऊन नऊ दिवस झाल्यावर.

मी म्हटलं, ‘दुसऱ्या दिवशी धाकट्याची शाळा होती. डबा केला, केस विंचरले, नेऊन सोडलं.’

‘आणि मग?’

‘मग कामावर आले.’

ती आणखी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून उभी राहिली. मी कापडाचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं, आणि आम्ही दोघींनी मिळून घडी घातली.

तुझी,
ताई